तारे दाखवायचेत की लॉन भाड्याने द्यायचंय?

आश्विन महिना लागला की माझ्या फोनवर एक आमंत्रण हमखास येतं. 'कोजागिरीनिमित्त भव्य आकाशदर्शन. सोबत मसाला दूध, भेळ आणि जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा.' स्थळ म्हणजे कुठलं तरी लॉन, जिथे एरवी लग्नं लागतात. पाठवणाऱ्याचं नाव दरवर्षी वेगळं असतं, अक्कल तीच. पौर्णिमेच्या रात्री तारे बघायला बोलावणं म्हणजे भर दुपारी शोभेची दारू बघायला बोलावण्यातला प्रकार आहे. पूर्ण चंद्र अर्ध्या चंद्राच्या दुप्पट तेजस्वी असावा असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात तो दहापटीच्या आसपास असतो. त्या उजेडात आकाशगंगा पुसून जाते आणि देवयानी दीर्घिका शोधूनही सापडत नाही. बरं, मग चंद्र तरी नीट दाखवा! तेही नाही. पौर्णिमेला ऊन चंद्रावर थेट समोरून पडतं, विवरांना सावल्याच उरत नाहीत, आणि दुर्बिणीतून दिसतो तो एक सपाट, डोळे दिपवणारा पांढरा गोल. विवरं बघायची तर शुक्ल अष्टमीच्या आगेमागे, उजेड आणि अंधाराच्या सीमेवर. हे कळायला खगोलशास्त्राची पदवी लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय लागतं.

तारखेचं असो. तारीख चुकवणाऱ्यांना निदान पुढच्या वर्षी सुधारता येतं. जागा चुकवणारे मात्र त्याच जागेचा तीन वर्षांचा करार करून बसलेले असतात. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

जागा कशी ठरते ते मी पुष्कळ बैठकांत बसून पाहिलंय. दोनशे गाड्या मावतात का, हे आधी विचारलं जातं. मग केटरर कुठला, व्यासपीठ कुठे, प्रमुख पाहुण्यांची गाडी किती आतपर्यंत येईल, बॅनर कुठे लागेल, ड्रोन उडवता येईल का. तासभर हे चालतं. शेवटी कुणी तरी माझ्याकडे वळून म्हणतो, "मॅडम, तुमची दुर्बीण कुठेही लागेल ना?" नाही लागत हो, कुठेही नाही लागत.

जागा जोखायची माझी कसोटी एकच आहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाला काय दिसेल? पहिल्या माणसाचा प्रश्न नसतो, तो बहुधा नगरसेवक असतो. शेवटच्याचा हिशेब करा. तीनशे लोक आले, दुर्बीण एक, माणशी चाळीस सेकंद धरले. चाळीस सेकंद काही चैन नव्हे. चष्मा काढायचा, वाकायचं, एक डोळा मिटायचा, 'काहीच दिसत नाही' म्हणायचं आणि मग दिसायचं, यातच ते जातात. तीनशे गुणिले चाळीस म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एवढ्या वेळात आकाश ५० अंशांनी फिरतं. पहिल्या माणसाला पश्चिमेकडे निम्म्या उंचीवर दिसलेला शनी शेवटच्याची पाळी येईतो मावळलेला असतो. मावळायचीही गरज नाही. लॉनच्या पश्चिमेला नारळाची रांग किंवा मंगल कार्यालयाची दुमजली इमारत असली की तास-दीड तासातच खेळ संपतो. दमलेलं पोर कडेवर घेऊन उभी असलेली बाई आपल्या पाळीला झाडाचा शेंडा बघून घरी जाते. म्हणून मोकळं क्षितिज हा माझ्या लेखी हौसेचा मुद्दा नाही, हिशेबाचा आहे. तीनशे माणसांना एक दुर्बीण लावणाऱ्याने खरं तर कार्यक्रमच करू नये. पाच दुर्बिणी मागवाव्यात, त्या एकमेकींपासून लांब मांडाव्यात, आणि तेवढी सपाट, अडखळायला न लावणारी जमीन आहे का ते दिवसा जाऊन बघावं. अंधारात रस्सी, दगड आणि गटार यांतला फरक कळत नाही.

आता लॉनपेक्षा महागडा प्रकार घेऊ. पवना धरणाच्या काठावर गेल्या काही वर्षांत तंबूंच्या वसाहती उठल्या आहेत. तशाच इतर धरणांच्या पाणलोटांवरही. तिथे हिवाळ्यातल्या शनिवारी 'मिल्की वे नाइट' नावाचा धंदा चालतो. जाहिरातीवर आकाशगंगेची लखलखती कमान असते, धनू राशीकडचा तो फुगीर, तेजाळ भाग अगदी तंबूवर टेकलेला. कॅमेऱ्याचं झाकण मिनिटभर उघडं ठेवल्यावर येणारं ते दृश्य डोळ्याला तसं दिसत नाही, हे एक वेळ सोडून देऊ. पण डिसेंबरात? आपल्याकडे धनुर्मास पाळणाऱ्या घरातल्या आजीबाईंनाही ठाऊक असतं की या दिवसांत सूर्य धनू राशीत असतो. म्हणजे चित्रातला तो भाग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. तो डिसेंबरच्या रात्री दाखवायचं आश्वासन देणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा लबाड. हिवाळ्यात आकाशगंगा असते, पण ती मिथुन-मृगाकडची, फिकट. ती बघायला खरोखरीचा काळोख लागतो.

आणि काळोख तिथे नसतो. तंबूंवर दिव्यांच्या माळा, पायवाटेवर दिवे, मध्ये शेकोटी, शेकोटीच्या धुरात चिकन, आणि स्पीकर. अंधाराला सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. बाहुली चटकन मोठी होते, पण दृष्टिपटलातलं रसायन सावकाश तयार होतं आणि मोबाइलच्या टॉर्चच्या एका झोताने क्षणात वाया जातं. मग पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं. तिथे दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी टॉर्च लागतो, कारण चप्पल सापडत नाही. लाल कागद लावलेली विजेरी हा सगळ्यात स्वस्त इलाज; पण लाल उजेडात जेवणाचे फोटो चांगले येत नाहीत म्हणे.

पाण्याचा काठ हीदेखील वाईट निवड आहे, आणि ती प्रत्येक माहितीपत्रकात गुण म्हणून छापलेली असते. थंड, निवांत रात्री पाण्यालगतची दमट हवा खाली बसते. दहा-अकराच्या सुमाराला दुर्बिणीच्या भिंगावर दव धरायला लागतं, पहाटेपर्यंत धुकं येतं. पुसून उपयोग नसतो, पुसल्यावर ओरखडे तेवढे पडतात. थोड्या उंचवट्यावरची, वारा वाहता असलेली जमीन त्यापेक्षा कितीतरी बरी. पण उंचवट्यावर 'लेक व्ह्यू' नसतो.

ऑगस्टमधल्या उल्कावर्षावाच्या सहली तर फौजदारी गुन्ह्यात घालायला हव्यात. पर्सीड्सचा जोर १२-१३ ऑगस्टला असतो. त्या दिवसांत सह्याद्रीवर काय असतं, ते महाराष्ट्रात एक पावसाळा काढलेल्या माणसाला सांगायला नको. तरी दरवर्षी 'तासाला शंभर उल्का' वाचून लोक पैसे भरतात आणि रेनकोट घालून ढग बघतात. आपला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरचा, मिथुनेतला. तिथेही शंभराचा आकडा आदर्श काळोखातला आणि उगम थेट डोक्यावर असतानाचा आहे, हे आधी सांगावं.

इथवर वाचून आमचे खगोलप्रेमी मित्र खूश झाले असतील. थांबा, तुमचंही बाकी आहे.

बाजारू आयोजकांच्या दुसऱ्या टोकाला एक जमात आहे, काळोखाच्या दर्दींची. हे लोक जागा नकाशावरून ठरवतात. जॉन बॉर्टल या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ साली रात्रीच्या आकाशाची नऊ पायऱ्यांची प्रतवारी मांडली; पहिली म्हणजे निखळ काळोख, नववी म्हणजे महानगराचा मध्य. मोजपट्टी म्हणून ती चांगलीच आहे. आमच्या दर्दींनी तिचा सोवळ्यासारखा वापर सुरू केला. 'बॉर्टल पाचच्या वर मी दुर्बीण उघडत नाही' असं सांगणारे लोक मला भेटतात. त्यांच्या जागा गुप्त असतात. तिथे जायला चारचाकी लागते, तीही उंच. तिथे मोबाइलला रेंज नसते, प्यायला पाणी नसतं आणि संडास नसतो. संडासाचा विषय काढला की हे हसतात: "अहो, एवढं मोकळं रान आहे!" तुमच्यासाठी आहे. रात्री दहा ते पहाटे पाच उघड्या माळावर बसायचं, तर बाईमाणूस दुपारपासून पाणी प्यायचं बंद करते, हे या मंडळींच्या गावीही नाही. मग हेच परिसंवादात विचारतात, आकाशदर्शनाला मुली कमी का येतात? तुमच्या जागा बघा. संडासाला कडी आहे का बघा, संडासापर्यंतच्या वाटेवर मंद लाल दिवा आहे का बघा, आणि पहाटे घरी परतायला वाहन आहे का बघा. उत्तर मिळेल. हौशी चौघांनी कुठेही जावं, त्यांना सगळी डोंगररानं मोकळी आहेत. पण 'सर्वांसाठी खुला' असं छापायचं आणि जागा अशी निवडायची की चौघंच येतील, याला मी लबाडीच म्हणते.

बरं, एवढ्या लांब जायची खरंच गरज असते का? शहराच्या उजेडाचं गणित मर्ल वॉकर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडून ठेवलंय. अंतराच्या अडीचाव्या घाताने शहराची प्रभा कमी होते. म्हणजे शहरापासून ३० किलोमीटरवरून ६० वर गेलात तर आकाशातला त्या शहराचा उजेड साडेपाच पटींहून अधिक उतरतो. ही कमाई मोठी आहे, तिच्यासाठी दीड तास बसमध्ये बसावं. पण ९० वरून १२० वर गेलात तर उजेड जेमतेम निम्मा होतो. शिवाय वाटेत दुसरं शहर जवळ येतं ते वेगळंच. त्या निम्म्यासाठी म्हातारी माणसं, लहान मुलं आणि ज्यांना उद्या कामावर जायचंय अशी सगळी माणसं गाळायची? दर्दींना गाळायची असतात. मला नाही.

नकाशाच्या रंगात न दिसणारी गोष्ट म्हणजे दिशा, आणि ती अंतराइतकीच महत्त्वाची. पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर-घोडेगावच्या अंगाला गेलात की पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा पिवळट-पांढरा डोंब दक्षिणेच्या क्षितिजावर बसतो. आणि दक्षिणेकडेच आपली श्रीमंती आहे! अगस्त्य पुण्याहून फार तर १९ अंश वर चढतो. मे महिन्यातला त्रिशंकू साडेअकरा अंशांच्या आसपास, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा थोरला तारकागुच्छ चोवीसेक अंशांवर. युरोपातले निरीक्षक हे बघायला विमानाची तिकिटं काढतात, आपल्याला ते फुकटात मिळतं, आणि आपण ते पुण्याच्या उजेडात बुडवतो. तोच कार्यक्रम भोर-वेल्ह्याच्या बाजूला नेला तर पुण्याचा डोंब पाठीशी, उत्तरेला जातो, जिथे ध्रुवतारा १८-१९ अंशांवर एकटा बसलेला असतो आणि त्याच्या खाली बघण्यासारखं फारसं काही नसतं. अंतर तेवढंच, काळोख नकाशावर तेवढाच, पण आकाश दुप्पट. हे सांगितलं की आयोजक म्हणतात, "पण मॅडम, नारायणगावला आमच्या ओळखीचं रिसॉर्ट आहे."

नारायणगावावरून आठवलं. तिथून जवळच खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना उभ्या आहेत, सगळ्या मिळून तीस. ती जागा ठरवताना शास्त्रज्ञांनी रेडिओ गोंगाट कमी असलेला प्रदेश शोधला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण दळणवळणाची सोय आणि जवळपासचे उद्योग नि शिक्षणसंस्था हेही त्यांनी निवडीच्या निकषांत धरलं होतं. जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभारणाऱ्यांना रस्त्याचा विचार करताना कमीपणा वाटला नाही. आमच्या आठ इंची दुर्बिणीच्या मालकांना वाटतो.

लोकांसाठी जागा कशी निवडावी याचा धडा मुंबईच्या खगोल मंडळाने कधीच घालून दिलाय. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने १९८५-८६ च्या सुमारास जमलेली ही मंडळी. त्यांनी आकाशदर्शनासाठी वांगणी गाठलं. बदलापूरच्या पुढचं, कर्जत मार्गावरचं लोकल स्टेशन. लोकलचं तिकीट काढायचं, संध्याकाळी उतरायचं, रात्रभर आकाश बघायचं आणि सकाळच्या गाडीने घरी. गाडी नसलेला गिरणगावातला मुलगाही येऊ शकेल आणि डोंबिवलीची मुलगीही. मुंबईकरांच्या काही पिढ्यांनी पहिली आकाशगंगा तिथे पाहिली. वांगणी हे सह्याद्रीतलं सगळ्यात काळोखी ठिकाण तेव्हाही नव्हतं, पण रेल्वेच्या वेळापत्रकात बसणारं सगळ्यात काळोखी ठिकाण होतं, आणि त्या निवडीत अख्खं शहाणपण आहे. पुढे बदलापूर फुगलं, टॉवर उठले, उजेड वांगणीवर चढत गेला. तो दोष निवड करणाऱ्यांचा नव्हे.

आता गाव. शहरी आयोजकाच्या लेखी गाव म्हणजे नकाशावरचा काळा ठिपका. तो मालकाशी बोलतो, जमीन भाड्याने घेतो, कुंपण घालतो आणि शंभर पुणेकर आत सोडतो. गावातली पोरं कुंपणाबाहेर उभी राहून बघतात, कुणाला? आकाश बघणाऱ्यांना. ज्या पोरांच्या आज्या सप्तर्षींना म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर म्हणून ओळखायच्या, त्या पोरांच्या डोक्यावरचं आकाश विकून त्यांनाच तिकिटाबाहेर ठेवणारा हा उद्योग मला किळसवाणा वाटतो. वर त्यांना दटावलं जातं, आवाज करू नका म्हणून.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्रातली सार्वजनिक आकाशदर्शनाची उत्तम जागा म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं मैदान. सपाट असतं, मातीचं असतं, बहुधा गावाच्या टोकाला असतं. पाण्याची टाकी असते, मुलींसाठी स्वच्छतागृह असायला हवं, नसेल तर निदान त्या निमित्ताने कुणाच्या तरी लक्षात येतं. बिबट्याचा वावर असलेल्या जुन्नरसारख्या तालुक्यात उसाच्या फडाशेजारी तंबू ठोकण्यापेक्षा शाळेची भिंत पाठीशी असलेली बरी. एखाद्या सड्यावर गाड्या घालून फुरशांच्या राज्यात सतरंज्या टाकण्यापेक्षा आणि कासच्या पठारावरची इवलीशी फुलं तुडवण्यापेक्षाही बरी. गुरुजी सोबत असतात. आणि गावातली मुलं पहिल्या रांगेत बसतात, कारण मैदान त्यांचं असतं.

अडचण एकच, हायमास्ट. आमदार निधीतून काय मिळालं असं कुठल्याही गावाला विचारा, देवळासमोरच्या हायमास्टकडे बोट दाखवतील. मुतारी नाही, वाचनालय नाही, पण खांबावर सहा पांढरे झोत आहेत, त्यांतले निम्मे आभाळाकडे. जुने पिवळे सोडियमचे दिवे गेले आणि पांढरे एलईडी आले, वीज वाचली, छान झालं. पण पांढऱ्या उजेडातला निळा अंश हवेत जास्त विखुरतो, आणि दिव्याला वर टोपी नसली की गावाने बिल भरून आभाळ उजळायचं, असा हा सौदा. दोन तासांसाठी तो बंद करा म्हणून मी एका सरपंचांकडे गेले होते. भला माणूस. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, दिवा घालवला तर लोक म्हणतील सरपंचानं बिल भरलं नाही. विरोधक टपूनच बसलेत." मी म्हटलं, दवंडी पिटा, कार्यक्रमाचं निमंत्रण घरोघरी द्या, विरोधकांनाही द्या. त्यांनी दिलं. वायरमनने साडेआठला खांब बंद केला आणि स्वतः पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. एवढंच लागतं. पण ते मागायला आठ दिवस आधी गावात जावं लागतं, ओसरीवर बसावं लागतं. ऑनलाइन बुकिंगमध्ये ते बसत नाही.

हे मोठ्या पातळीवर होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड जमिनीकडे पडेल असे केले. कुणी गाव उठवलं नाही, कुणाला अंधारात ढकललं नाही. दिव्याचं तोंड खाली केलं. लडाखमधल्या हानलेचं नाव घेऊन सुस्कारे टाकणाऱ्यांनी आधी रामटेककडे जाणारी गाडी पकडावी. आणि मुख्य म्हणजे आपापल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत टोपीवाल्या दिव्यांची मागणी करावी. प्रत्येक आकाशदर्शनाच्या शेवटी तसं निवेदन सह्यांसाठी फिरलं पाहिजे. मी फिरवते. रिसॉर्टवाल्यांनी मला बोलवायचं बंद केलं त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. चंद्र, गुरू, शनी, शुक्र दाखवायला शहराबाहेर पडायचंच कशाला? या वस्तू इतक्या तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघसुद्धा पुण्यातून दुर्बिणीत दिसतात. शहरात आड येते ती दिवसभर तापलेल्या सिमेंटची हवा. गच्चीवर दुर्बीण लावली की गुरू उकळल्यासारखा थरथरतो. म्हणून सोसायटीची गच्ची टाळा, शाळेचं किंवा बागेचं मातीचं, गवताचं मैदान घ्या. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते, अंशाचा दहावा भाग, की एकाच नेत्रिकेत दोघं मावत होते. सूर्यास्तानंतर दोनेक तासांत ते मावळणार होते. त्यासाठी उत्तम जागा म्हणजे नैर्ऋत्य क्षितिज मोकळं असलेलं घराजवळचं कुठलंही मैदान. लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत अडकलेल्यांनी ते गाडीच्या काचेतून पाहिलं.

जॉन डॉब्सन नावाचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे आपल्या रामकृष्ण संघाच्याच शाखेत, वीसेक वर्षं साधू होता. मठात राहून त्याने जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या दुर्बिणी केल्या. त्या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. १९६८ पासून तो आणि त्याचे साथीदार दुर्बीण घेऊन शहराच्या पदपथावर उभे राहू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारू लागले. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, केटरर नाही. आज आपल्याकडच्या बहुतेक हौशी मंडळांची दुर्बीण त्याच्याच पद्धतीच्या लाकडी बैठकीवर फिरते आणि तिला आम्ही प्रेमाने 'डॉब' म्हणतो. त्याची बैठक उचलली, पदपथ मात्र सोडून दिला. आपल्या शहरात स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर, दादरच्या शिवाजी पार्कात, नाशिकच्या गोदाकाठी, सांगलीच्या आमराईत शुक्ल अष्टमीला एक दुर्बीण लावून बघा. भाजीची पिशवी घेतलेली बाई, रिक्षावाला, रात्रपाळीला निघालेला वॉचमन, क्लासहून परतणारी पोरं. यांच्यातलं कुणीही तुमच्या पवनाकाठच्या तंबूत कधी येणार नव्हतं.

आकाशगंगा दाखवायची असेल तर अमावास्येच्या शनिवारी गावात जा, गावाला विचारून, योग्य दिशेला, संडास आणि परतीची गाडी पक्की करून. बाकी सगळं शहरातल्या मैदानात करा. याहून वेगळी जागा कुणी निवडत असेल तर त्याला आकाशाशी देणंघेणं नाही, त्याला लॉन भरायचंय.

तेव्हा पुढचं आमंत्रण आलं की पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा. त्या रात्री चंद्र कधी मावळतो, जवळचं मोठं शहर कुठल्या दिशेला आहे, जागेवरचे दिवे किती वाजता बंद होणार, दुर्बिणी किती आणि माणसं किती, संडास कुठे आहे, आणि गावातल्या मुलांना प्रवेश आहे का, एवढं विचारा. उत्तरं न देता फोन ठेवला तर नंबर पुसून टाका. आणि चंद्र दाखवण्याचे कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.